बाकावरचा पडदा

लग्नपत्रिका छापणारी बाई स्वतः बिनलग्नाची, याचं वसईत कोणाला नवल वाटेनासं झालं होतं. एखाद्या नव्या गिऱ्हाइकाने विचारलंच, तर ताई कीबोर्डवरून नजर न उचलता सांगायच्या, "झालं असतं हो, पण पत्रिकेवरच मोडलं असतं." गिऱ्हाईक हसायचं. ताई हसायच्या नाहीत. त्या लगेच पुढचा प्रश्न विचारायच्या, "मुलाच्या आत्या किती? सगळ्या आल्यात का?"

लग्नाआधीची काही वर्षं मी त्यांच्या दुकानात डिझाइनचं काम केलं. त्यांच्याविषयी मी एरवी चेष्टेनेच बोलते, कारण चेष्टा करावी असं त्यांच्यात भरपूर होतं. पण माझ्या स्वतःच्या पत्रिकेची गोष्ट निघाली की माझा आवाज बदलतो, असं नवरा म्हणतो. बदलत असेल. तेव्हा प्रश्न एकच होता. माझ्या पत्रिकेवर निमंत्रक म्हणून आईचं नाव येणार की नाही. बाबा गेलेले, आणि आमच्या घराण्यात नवरा गेलेल्या बाईचं नाव त्या ओळीत कधी छापलं जात नसे. आईने तोंड उघडलं नव्हतं. मला मात्र रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. ते कसं सुटलं हे सांगायचं तर आधी ताई सांगायला हव्यात, आणि त्यांचा तो मॉनिटर.

ताई मूळच्या वसईच्या वाडीतल्या. घराणं केळी आणि फुलं पिकवणारं. दुकान स्टेशनच्या पश्चिमेला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. वाडीतून सायकल हाणत यायच्या, केसात सोनचाफा, आणि पुढच्या टोपलीत सुकेळीचा पुडा. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आमच्याकडची खासियत. चिवट असते, नीट चावावी लागते. दुकानात आवाज चढला की ताई कागद कापायच्या कात्रीने सुकेळीचे तुकडे करायच्या आणि बशी पुढे सरकवायच्या. नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. "तोंडात हे असलं की माणूस आधी चावतो, मग बोलतो," असा त्यांचा हिशेब. ती कात्री त्या आधी पुसायच्या की नाही, हे मी शेवटपर्यंत बघायचं टाळलं.

त्यांच्या टेबलावर लॅपटॉप ज्या चवडीवर असे, ती कोणी न नेलेल्या पत्रिकांची होती. लग्न मोडलं की लोक पत्रिका न्यायला येत नाहीत. ताई त्या टाकूनही देत नसत. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून त्यांनी त्या रचून ठेवल्या होत्या. "मोडलेल्या लग्नांवर माझा संसार उभा आहे," असं म्हणायच्या, आणि चवडीच्या कडांवरची धूळ रोज पुसायच्या.

पुढाऱ्यांचे वाढदिवसाचे फलक त्या छापत नसत. त्यात राजकारण काही नव्हतं. "ज्याचं नाव आहे तो स्वतः बघायला येतो का? नाही ना. मग मला कसं कळणार बरोबर आहे की नाही?" एवढंच कारण. नाव छापायचं तर त्या माणसाने येऊन बघायचं, हा त्यांचा कायदा. आखातातल्या मामालाही सूट नव्हती. त्याला व्हिडिओ कॉल लावायचा, फोन पडद्यासमोर धरायचा आणि त्याच्याकडून त्याचं नाव मोठ्याने वाचून घ्यायचं. मागे क्रेनचा आवाज येत असायचा आणि मामा वाळवंटात उभं राहून स्वतःचं नाव वाचत असायचा. दुसऱ्या दुकानांत निम्म्या वेळात काम व्हायचं. तरी लोक आमच्याकडेच यायचे, आणि पायरी उतरताना ताईंच्या नावाने बोटं मोडायचे.

मी नवी होते तेव्हा मॉनिटर नव्हता. सगळं कुटुंब ताईंच्या खुर्चीमागे गर्दी करून लॅपटॉपमध्ये डोकवायचं. कर्ता पुरुष अगदी पाठीशी, त्याच्या कोपराखालून त्याची बायको, मग मेहुणे वगैरे. कोणाचा श्वास मानेवर, कोणाचा पदर टेबलफॅनमध्ये. त्यात लॅपटॉपचा पडदा तिरक्या बाजूने बघितला की रंग फिके पडतात, त्यामुळे एकाला लाल दिसणारी पत्रिका दुसऱ्याला नारिंगी दिसायची आणि त्यावरूनच जुंपायची.

एकदा छापून गेलेली पत्रिका हातात घेऊन एक म्हातारी बाई दुकानात आली. नवऱ्या मुलाची आत्या. तिचं नाव राहून गेलं होतं. ती भांडायला आली असेल म्हणून मी सुकेळीचा पुडा शोधायला लागले. पण ती आवाज न चढवता एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मी इथेच होते गो बाय. मागे होते." ताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि त्या पत्रिका पुन्हा छापल्या. आत्या गेल्यावर कितीतरी वेळ त्या स्वतःच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि मान वाकडी करून लॅपटॉपकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथून काहीच दिसत नाही. उद्या मोठा पडदा आणू."

मॉनिटर आला. समोरच्या भिंतीशी गिऱ्हाइकांसाठी बाक होता, त्याच्याकडे तोंड करून तो टेबलाच्या पुढच्या कडेला बसवायचा होता. खोकं उघडल्यावर ताईंनी आधी माहितीपुस्तिका वाचायला घेतली. तीत बऱ्याच भाषा होत्या, मराठी नव्हती. तेवढ्यावरून त्यांनी कंपनीविषयी मत बनवलं. मग केबल. केबलचं तोंड रुंद आणि आमच्या सडपातळ लॅपटॉपला नुसत्या दोन बारीक खाचा. मी बाजारातून एक अडॅप्टर आणला, ज्याच्या एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला रुंद भोक. लावला. मॉनिटरवर निळी पाटी आली, 'नो सिग्नल', आणि लगेच काळोख झाला.

मी केबल काढून घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला, मनात चार शब्द बोलले. ताई शांत. "सिग्नल नाही असं सांगतोय, म्हणजे तो ऐकायला बसलाय. आपण भलत्याच दारात हाक मारत असू." आणि तसंच होतं. मॉनिटरच्या मागे दोन जोडण्या होत्या, केबल एकीत होती आणि मॉनिटर दुसरीकडून काही येतंय का याची वाट बघत होता. खालचं बटण दाबून बरोबर जोडणी निवडल्यावर ताईंच्या वाडीतला केळीचा घड, म्हणजे लॅपटॉपवरचं चित्र, बाकाच्या पडद्यावर भलामोठा होऊन आला. कडेने काळ्या पट्ट्या होत्या आणि अक्षरं पुसट होती. सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटरला त्याचं स्वतःचं माप दिलं, तशा पट्ट्या गेल्या आणि अक्षरं ठसठशीत झाली. मला वाटलं, संपलं काम. ताईंच्या मते ते आता सुरू झालं होतं.

आधी रंग. त्यांनी एक छापील पत्रिका घेतली, तीच लॅपटॉपवर उघडली, आणि तिन्हीकडे आळीपाळीने बघितलं. "हळद इकडे हिरवट आहे, तिकडे केशरी आहे आणि कागदावर आहे तशी आहे. नवरीला यातली कुठली लावू?" मग सबंध दुपार आम्ही मॉनिटरचा निळा कमी कर, लाल वाढव, उजेड उतरव असं करत बसलो. आलेल्या गिऱ्हाइकाला ताईंनी "हळद लागतेय, थांबा" म्हणून बसवून ठेवलं. शेवटी तिन्ही हळदी सारख्या झाल्या तेव्हा आम्हा दोघींचे डोळे चुरचुरत होते.

मग उंची. मी म्हटलं, टेबलावर आहे तसा राहू दे. ताईंनी शेजारच्या फुलवाल्या आजींना बोलावून बाकावर बसवलं. आजी चणीने इतक्या लहान की बाकावर बसल्यावर पाय लोंबकळत. "आज्जे, वरची ओळ दिसते का?" "दिसते. खालची नाही दिसत, तुझ्या टेबलाची कड येते मधे." मॉनिटर वर उचलला, मागे कलता केला, पुन्हा विचारलं. आजींना सरळ बसून सगळ्या ओळी दिसल्या तेव्हाच ताईंनी स्क्रू आवळला. पुढे उंच माणसांनी कुरकुर केली की त्या म्हणायच्या, "तुम्ही वाका. तुम्हाला वाकता येतं."

आणि शेवटी माझा त्यांचा खरा वाद झाला. लॅपटॉपला दुसरा पडदा जोडला की तो कसा वापरायचा हे सांगावं लागतं. एक तर दोन्हीकडे तेच दिसेल, नाहीतर दुसरा पडदा पहिल्याची पुढची जागा होईल, म्हणजे लॅपटॉपवर आपली अवजारं ठेवायची आणि तिकडे फक्त तयार पत्रिका. डिझाइन शिकलेलं कोणीही दुसरा मार्ग धरील. मीही तेच समजावलं. "ताई, एक्स्टेंड करू. तुम्ही इकडे खाडाखोड करा, त्यांना तिकडे नीटनेटकं दिसेल."

"म्हणजे मी काय करते ते त्यांना दिसणार नाही?"

"हो, तेच तर सोयीचं."

"मग नको. मला दिसतं ते त्यांनाही दिसू दे."

मी चिडले. दोन्हीकडे सारखंच ठेवायचं तर एवढ्या मोठ्या पडद्याची जागा फुकट जाते, हे मी बरेच दिवस ऐकवत राहिले. ताईंनी ऐकलं नाही. आणि झालं असं की लोक खरोखर वेगळे वागायला लागले. बाकावर सगळे ओळीने बसायचे. नाव टाइप होताना बघायचे. चुकलेलं अक्षर पुसलं जाताना बघायचे. भांडण आलंच तर ताईंकडे छत्रीची एक मोडकी काडी होती, तिने त्या पडद्यावर टकटक करायच्या. "तिकडे बघून भांडा. एकमेकांकडे नका बघू." हे वाक्य त्या दिवसातून कितीदा म्हणत याला गणती नव्हती. ऐकायला वेडगळ वाटतं. पण मिठागराच्या बाजूच्या गावातले दोन भाऊ आले होते ते मला आठवतात. कोणाचं नाव वर यावं यावरून दोघे उठून उभे राहिले होते.

"मोठा मी हाय. माजा नाव वर पायजे."

"वर तुजा? नि पोराला वाडवला कोनी?"

टकटक. दोघांनी नाइलाजाने पडद्याकडे बघितलं. सुकेळी चावत बघितलं. थोड्या वेळाने धाकटाच म्हणाला, "ताय, ही वळ अर्दी रिकामी हाय ना? मंग दोगांचा एकाच वळीत बसंल." बसलं. दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गेले असं म्हणणार नाही, पण एकाच रिक्षाने गेले.

या पद्धतीत फजिती झाली ती एकदाच. लॅपटॉपने आपल्या मनाने काहीतरी अपडेट केलं आणि पडदे वेगळे झाले. ताईंना ते कळलं नाही, कारण त्यांना लॅपटॉपवर पत्रिका दिसत होती. बाकावर एक ख्रिस्ती कुटुंब होतं, अगदी शालीन माणसं. ताई अर्धा तास समजावत होत्या, ही चर्चमधल्या मिस्साची वेळ, हे धर्मग्रामाचं नाव, इथे आजी-आजोबा. मंडळी माना डोलवत होती. "बरोबर आहे ना?" "हो हो, फार छान आहे." मी पाणी द्यायला बाकाकडे गेले तर समोर नुसता केळीचा घड. एवढा वेळ सगळ्यांनी त्या घडाला होकार दिला होता. आजोबा म्हणाले, "आमाला वाटला तुमी हे मागून घालणार. मधे बोलायचं कसं?"

मी पोट धरून हसले. ताईंना मात्र ती गोष्ट लागली. लोक दिसत नसलं तरी हो म्हणतात, हे त्यांना नव्यानेच कळलं असावं. त्या दिवसापासून त्यांनी आणखी एक नियम केला. सगळं टाइप झाल्यावर शेवटी एक ओळ मोकळी सोडायची, आणि बाकावरच्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारायचं, "काही राहिलं का?" मान हलवलेली चालत नसे. तोंडाने सांगावं लागे.

आता माझ्या पत्रिकेकडे येते. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. आम्ही मनवेलपाड्याला राहायचो. आईने कामणच्या एका गोदामात काम धरलं. तिथे खोक्यांवर पत्त्यांची लेबलं चिकटवायची. काका, बाबांचे धाकटे भाऊ, पलीकडच्याच इमारतीत. त्यांनी आम्हाला कधी एकटं पडू दिलं नाही. माझ्या शाळेत पालक म्हणून तेच यायचे, सायकल त्यांनीच शिकवली, आणि मुलगा बघायला नायगावला पहिल्यांदा गेले तेही तेच. त्यामुळे पत्रिकेवर काकांचं नाव यावं असं मलाही मनापासून वाटत होतं. त्यांचं एकट्याचं येऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

मी घरी विषय काढून बघितला. काका रागावले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, आपल्यात नसतं तसं. माझ्या लग्नात तुझ्या आजीचं नाव नव्हतं पत्रिकेवर. तिला काही वाटलं नाही."

"तुम्ही विचारलं होतं?"

आईने मला डोळ्यांनी दटावलं आणि भाताला फोडणी द्यायला निघून गेली. नंतर मी तिला एकटीला गाठलं तर म्हणाली, "नावाने काय होतंय? तू सुखी राहा. भावजींना दुखवू नको." हे ती भांड्यांकडे बघून म्हणाली. तिला नाव हवं होतं. पंचवीस-तीस वेळा सांगूनही मी कोणाला हे सिद्ध करून देऊ शकले नसते, पण मुलगी होते, मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना सगळं सांगितलं आणि माझी युक्तीही सांगितली. काका येतील, सांगतील तसं आपण टाइप करू, त्यांनी होकार दिला की मग छपाईच्या फाइलमध्ये मी हळूच आईचं नाव घालते. छापून आल्यावर काय करतील?

ताईंनी काम थांबवलं. मला वाटलं, खूश होतील.

"चोरून घातलेलं नाव ती कुठे लावेल?" त्या म्हणाल्या. "देव्हाऱ्यात ठेवेल का ती पत्रिका? तोंड लपवत फिरेल मांडवात. तिला घेऊन ये."

"ती नाही यायची, ताई. आणि आली तरी काही बोलायची नाही."

"नाही बोलली तर नाही. पण येऊ दे."

"तुम्ही काकांना सांगा ना. तुमचं ऐकतील."

"मी कोण सांगणारी? मी पत्रिका छापते."

मला इतका राग आला की दुपारचा डबा मी बाहेर पायरीवर बसून खाल्ला. जगाला नियम शिकवते, आणि माझ्या वेळेला हात झटकते, असं वाटलं. पण ताईंच्या दुकानातून पत्रिका न्यायची तर नवरीची आई बाकावर हवी, हाही नियम वसईत सगळ्यांना माहीत होता. तो मी घरी सांगितला. आई काचकूच करत, गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली. ठेवणीतली साडी नेसली होती. काका आधीच पोचले होते.

आणि काका जाऊन उभे राहिले ते थेट ताईंच्या खुर्चीमागे. इतका मोठा पडदा बाकासमोर असताना पाठीशी उभं राहून मजकूर सांगायची सवय काही पुरुषांची गेली नव्हती. ताई एरवी चालवून घ्यायच्या. आई बाकाच्या टोकाजवळ बसली, मी तिच्याजवळ. काका खड्या आवाजात सांगत होते आणि अक्षरं पडद्यावर उमटत होती. कुलस्वामिनी. मुलगा, मुलगी, मुहूर्त. माझ्या नावाखाली 'कै.' लावून बाबांचं नाव आलं तेव्हा आईने पदर सावरला. मग खाली निमंत्रक, आणि काकांचं नाव.

"झालं," काका म्हणाले.

ताईंनी एक ओळ मोकळी सोडली. तिथे कर्सर लुकलुकत राहिला. मग त्यांनी कीबोर्डवर काहीतरी दाबलं आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला. बाकासमोरचा तसाच चालू होता. फक्त बाहेरचाच पडदा चालू ठेवायचा, असाही एक पर्याय त्या सेटिंगमध्ये असतो. मॉनिटर आणल्यापासून आम्ही तो कधी वापरला नव्हता, आणि ताईंना तो माहीत आहे हेही मला माहीत नव्हतं.

"अहो, बंद पडला हा," काका म्हणाले.

"तिकडे चालू आहे ना. चला, तिकडे बसू." बिनवायरचा कीबोर्ड आणि माउस उचलून ताई टेबलाला वळसा घालून आल्या आणि बाकावर माझ्या शेजारी बसल्या. आता दुकानात उभे एकटे काका राहिले. त्यांनी काळ्या लॅपटॉपकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि येऊन आईच्या पलीकडे, उरलेल्या जागेत अंग चोरून बसले.

ताईंनी नेहमीप्रमाणे विचारायला सुरुवात केली. "काही राहिलं का?" काका म्हणाले, नाही. मला विचारलं. मला बोलायचं होतं, पण ताईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी "नाही" म्हटलं. आयुष्यात तो शब्द एवढा जड कधी गेला नव्हता. मग त्यांनी आईला विचारलं.

आई त्या रिकाम्या ओळीकडे बघत होती. बाहेर फुलवाल्या आजी कोणाशी तरी भाव करत होत्या, त्यांचा आवाज येत होता. ताईंनी घाई केली नाही.

"एक विचारू का?" आई म्हणाली. ती पडद्याशीच बोलत होती. "तिथे माझं नाव असतं तर कसं दिसलं असतं, तेवढं जरा दाखवाल? मग पुसा."

काकांनी मान खाली घातली. ताई म्हणाल्या, "दाखवते की. काय लिहू? पुढे काय लावू?"

"पुढे काही नको. नुसतं नाव."

ताईंनी टाइप केलं. सुलभा, मग बाबांचं नाव, मग आडनाव. काकांच्या नावाखालची ओळ भरली. आई ते वाचत होती, ओठ हलत होते. दिवसभर दुसऱ्यांची नावं खोक्यांवर चिकटवणारी माझी आई स्वतःचं नाव असं बघत होती की मला तिच्याकडे बघवेना. मी पडद्याकडे बघत राहिले. सगळेच तिकडे बघत होते.

"बघितलं," आई म्हणाली. "छान दिसतं. पुसा आता."

ताईंनी त्या नावावर क्लिक केलं, तशी त्याभोवती बारीक चौकट आली. मग त्यांनी कीबोर्ड उचलला आणि माझ्या आणि आईच्या मांडीवरून लांब हात करून काकांच्या मांडीवर ठेवला.

"मी घातलेलं नाव मी पुसत नाही," त्या म्हणाल्या. "पुसायचं असेल तर हे बटण. तुम्ही दाबा."

काकांचा हात कीबोर्डवर गेला तेव्हा मी ताईंचं मनगट घट्ट धरलं. सांगायची गोष्ट म्हणजे त्यांचा हात गार पडला होता. या बाईला काही होत नाही असं मी धरून चालले होते. त्यांचाही डाव होता तो, आणि हरला असता तर त्यांनी नियमाप्रमाणे तशीच पत्रिका छापली असती. मुकाट्याने छापली असती, आणि मी त्यांना जन्मात माफ केलं नसतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

काकांचं बोट त्या बटणावर नुसतं टेकलं होतं. त्यांनी पडद्याकडे बघितलं. वर 'कै.' लावलेलं भावाचं नाव, खाली त्यांचं, आणि त्यांच्या खाली वहिनीचं. ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "हे बरं नाही दिसत."

आईने "हो" म्हटलं. खरंच म्हटलं, आणि उठायला लागली.

"थांबा वहिनी. तुम्ही मानाने मोठ्या. तुमचं नाव माझ्या खाली कसं?" आणि ताईंकडे वळून, थोडे वरमून, "ताई, हे वर कसं न्यायचं?"

ताईंनी कीबोर्डकडे बोट दाखवलं. "तो वरचा बाण आहे ना, तो दाबा."

काकांनी बाण दाबला. नाव जागचं हललं नाहीसं वाटलं, म्हणून त्यांनी तो दाबूनच धरला. तशी आईचं नाव सुळकन वर निघालं. काकांच्या नावावरून गेलं, मुहूर्तावरून गेलं, माझ्या आणि नवऱ्या मुलाच्या नावांवरून गेलं, आणि थेट कुलस्वामिनीच्या डोक्यावर जाऊन बसलं.

आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळे पुसत, अंग हलेपर्यंत हसली. "अहो भावजी, देवीच्या वर कुठे नेताय," ती म्हणाली. "आणा खाली. तुमच्या शेजारी."